त्रेचाळीसने भागून मोटार बनत नाही

प्रश्न थोडक्यात असा: खेळण्यातल्या आणि मॉडेलच्या मोटारी पत्र्यापासून आजच्या रूपापर्यंत कशा आल्या, त्या प्रत्यक्षात बनवतात कशा, आणि आता मूळ गाडी लेझरने स्कॅन करून हव्या त्या मापात छापता येत असेल तर कारागिराचे काम उरले कुठे? जोडीला एक काळजी आहे. संग्रहातली दुसऱ्या महायुद्धापूर्वीची एक धातूची गाडी फुगून तडकू लागली आहे, तिचे काय करायचे? मी मॉडेलचे पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा करतात ते मूळ नमुने, घडवतो आणि जुन्या गाड्या दुरुस्त करतो, म्हणून आधी कारागिराच्या कामाबद्दल बोलतो. इतिहास आणि कृती त्यातूनच उलगडत जातील.

१/४३, म्हणजे मूळ गाडीचा त्रेचाळिसावा भाग, हे मॉडेलमधले सर्वात रुळलेले प्रमाण घ्या. खऱ्या गाडीच्या दाराभोवतीची फट साधारण ४ मिलिमीटर असते. त्रेचाळीसने भागली की ०.०९ मिलिमीटर उरते. साच्यात ती कोरली तरी रंगाचा पहिला हात बसताच बुजते. खऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून एक दशांश मिलिमीटरच्या आसपास भरतात. मॉडेलवर त्याच्या निम्मा थर दिला, तरी मूळ गाडीच्या मापात तो दोन मिलिमीटरहून जाड झाला. चमकत्या मेटॅलिक रंगातला अ‍ॅल्युमिनियमचा कण वीस मायक्रॉनचा (मिलिमीटरचे वीस हजारांश) धरला, तर तो मूळ गाडीवरच्या जवळजवळ एक मिलिमीटरच्या चकतीइतका होतो. म्हणून खऱ्या गाडीचा डबा आणून त्यातलाच रंग मॉडेलवर मारला की गाडी चमकी लावल्यासारखी दिसते. आणि १२०० किलोची मोटार त्रेचाळीसच्या घनाने, म्हणजे ७९,५०७ ने भागली तर वजन येते फक्त १५ ग्रॅम. जस्ताची गाडी त्याच्या कितीतरी पट जड असते, आणि तो जडपणाच हाताला सुखावतो.

त्याहून मोठी अडचण डोळ्याची आहे. रस्त्यावर उभी मोटार आपण साधारण १.६ मीटर उंचीवरून, पाच-सहा मीटर अंतरावरून पाहतो. मॉडेलच्या जगात याचा अर्थ टेबलापासून पावणेचार सेंटिमीटर उंचीवर डोळा नेऊन १२ ते १४ सेंटिमीटर अंतरावरून पाहणे. तसे कोण पाहते? आपण खुर्चीत बसून चाळीस सेंटिमीटर वरून पाहतो, म्हणजे मूळ गाडीच्या मापात सतरा मीटर उंचावरून. छप्पर आणि बॉनेट सगळे लक्ष खातात, बाजूची रेषा हरवते, गाडी बसकी आणि रुंद वाटते. स्कॅनमधून तंतोतंत आलेले मॉडेल ओळखीचे असूनही परके का वाटते, त्याचे मूळ इथे आहे. पॅटर्न घडवणारा छपराचा फुगवटा किंचित बदलतो, फटी मापापेक्षा थोड्या रुंद आणि खोल ठेवतो, चाकाच्या कमानीची कड जरा ठळक करतो. हे बदल मिलिमीटरच्या दशांशातले असतात. किती करायचे हे कोणतेही यंत्र सांगत नाही, कारण प्रत्येक गाडीचा स्वभाव वेगळ्या ठिकाणी दडलेला असतो. एखादीचा तो मागच्या खांबाच्या कलात असतो, एखादीचा दिव्यांमधल्या अंतरात.

या तडजोडीची पहिली मोठी शाळा म्हणजे जर्मनीतले न्यूरेनबर्ग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खऱ्या मोटारी रस्त्यावर येत असतानाच तिथल्या बिंग, कारेट, गुंथरमान यांच्यासारख्या कारखान्यांतून पत्र्याच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. कथिलाचा मुलामा दिलेला पातळ पोलादी पत्रा सपाट असतानाच त्यावर शिळाछपाईच्या तंत्राने रंग छापायचे. दारे, खिडक्या, कधी आत बसलेली माणसेसुद्धा त्या छपाईतच असत. मग दाबयंत्रात पत्रा कापून वाकवायचा आणि एका भागाच्या जिभल्या दुसऱ्याच्या खाचांत घालून दुमडायच्या. पत्रा एका दिशेने सहज वळतो, पण दोन्ही दिशांनी गोल व्हायला कुरकुरतो. खोल ओढला तर फाटतो आणि त्यावरची छपाई ताणली जाते. त्यामुळे या गाड्यांचे पृष्ठभाग सरळ, कोपरे ठाशीव आणि तपशील रंगवलेले. त्यात खूप डौल आहे. चावीच्या यंत्राला जागा हवी म्हणून बॉनेट किंवा बूड मोठे, हेही ओघानेच आले.

याच शहरात १९१२ मध्ये सुरू झालेल्या शुकोने १९३० च्या दशकात चावीच्या गाडीत जी बुद्धी घातली, तिला तोड नाही असे माझे मत आहे. त्यांची एक छोटी गाडी टेबलाच्या कडेला येई, पुढची चाके बाहेर गेली की पोटाखाली आडवे बसवलेले चाक टेबलाला टेकून गाडी वळवी, आणि ती खाली न पडता पुन्हा आत धावे. बीएमडब्ल्यू ३२८ वर बेतलेल्या दुसऱ्या एका गाडीला चालणारे गियर होते, रिव्हर्ससकट. दोन्हींत विजेचा कणभर वापर नाही. सगळे काम दातेरी चाके आणि स्प्रिंग करत.

फ्रान्समध्ये आंद्रे सिट्रोएन यांनी १९२३ पासून आपल्या खऱ्या मोटारींच्या पत्र्याच्या प्रतिकृती विकायला सुरुवात केली. मोटार बनवणाऱ्यानेच मुलांसाठी आपल्या गाडीची खेळणी काढावीत, ही कल्पना तेव्हा नवी होती. उद्याचा गिऱ्हाईक आज जमिनीवर गाडी ढकलत बसला आहे, हे त्यांनी ओळखले होते.

ओतीव गाडीचा उगम मात्र छापखान्यातला. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅम्युएल डाउस्ट यांनी छपाईचे टाइप ओतणारे यंत्र पाहिले. वितळलेला धातू साच्यात ढकलायचा, क्षणात थिजवायचा, बाहेर काढायचा, की पुढचा. त्यांच्या कंपनीने आधी बटणे आणि बारीकसारीक भेटवस्तू ओतल्या, मग छोट्या मोटारी. १९१५ च्या सुमारास त्यांची फोर्ड मॉडेल टी आली, आणि पुढे ही खेळणी टूट्सीटॉय नावाने जगभर गेली. १९३३ च्या त्यांच्या ग्रॅहम मालिकेत बॉडी, चासी (खालचा सांगाडा) आणि पुढची जाळी असे तीन वेगळे ओतीव भाग होते, रबरी टायरही होते. आज आपण डाय-कास्ट, म्हणजे धातूच्या साच्यात ओतलेली, गाडी म्हणतो तिची बांधणी तिथे पक्की झाली.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बी यांच्या मेकॅनो कंपनीने १९३३ च्या अखेरीस आपल्या ओ गेज या मापाच्या खेळण्यातल्या रेल्वेगाड्यांच्या शेजारी उभ्या करायला सहा छोटी वाहने काढली. पुढच्याच वर्षी त्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळाले. १/४३ हे विचित्र वाटणारे प्रमाण याच नात्यातून आले आहे. ब्रिटिश ओ गेजमध्ये एका फुटाला ७ मिलिमीटर धरतात, आणि त्याचा हिशेब १/४३.५ येतो. म्हणजे मोटारींचे प्रमाण आगगाडीने ठरवले. १/८७ आणि १/७६ हीसुद्धा रेल्वेचीच प्रमाणे. १/२४ मात्र फुटाला अर्धा इंच या सुताराच्या हिशेबातले आहे.

पहिल्या डिंकी शिशाच्या मिश्रणातल्या होत्या. शिसे सहज वितळते, साचा छान भरते, पण मऊ आणि जड असते. मुलाच्या हातात खांब वाकतो. शिवाय ते विषारी. उत्तर जस्तात होते. जस्तात सुमारे ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि नखभर मॅग्नेशियम घातलेले झमाक हे मिश्रण अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ च्या सुमारास विकसित केले. ते ३८० ते ३९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते, पाण्यासारखे वाहते आणि थंड झाल्यावर चिवट राहते. दाबाने ओतले तर एक मिलिमीटरची भिंतसुद्धा नीट भरते. १/४३ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे मूळचे ४३ मिलिमीटर, आणि जुन्या मोटारीच्या काचेचा खांब साधारण तेवढाच जाड असे. या योगायोगामुळेच त्या काळातल्या गाड्या या मापात इतक्या शोभतात. मला विचाराल तर त्यांतली सर्वात देखणी, फ्रान्समधल्या बोबिन्यीच्या कारखान्यात बनलेली डिंकीची सिट्रोएन डीएस १९. तिच्यात उघडणारे दार नाही, आत फारसा तपशील नाही, पण मूळ गाडीची ती निसटती मागची रेषा पॅटर्न करणाऱ्याने अचूक पकडली आहे.

यानंतरचा काळ स्पर्धेचा. लंडनच्या लेस्नी कंपनीची स्थापना १९४७ ची. १९५३ मध्ये राणीच्या राज्याभिषेकाच्या रथाची त्यांची छोटी प्रतिकृती दहा लाखांहून अधिक खपली, आणि पुढच्या साच्यांसाठी पैसा हाती आला. भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेता येई, म्हणून त्यांनी तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला. मॅचबॉक्स मालिका त्यातून निघाली. तिच्यात डब्याचे माप कायम आणि प्रमाण बदलते, त्यामुळे बस आणि छोटी मोटार दोन्ही जवळजवळ सारख्या लांबीच्या. शुद्धतावादी संग्राहक नाक मुरडतात. मला मात्र त्यात कारागिरीची फार कठीण परीक्षा दिसते, कारण प्रत्येक गाडीसाठी काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

१९५६ मध्ये मेट्टॉय या ब्रिटिश कंपनीच्या कॉर्गी गाड्या आल्या त्या पारदर्शक प्लास्टिकच्या काचा घेऊन. आज हे क्षुल्लक वाटेल, पण काच आली आणि गाडी पोकळ कवच न राहता तिला आतली जागा मिळाली. मग आसने आली, स्टिअरिंग आले, स्प्रिंग आल्या. १९६५ ची जेम्स बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन डीबी ५ ही त्या दिशेची कमाल. आसन उडते, मागे ढाल वर येते, पुढे बंदुका निघतात. ती कॉर्गीच्याच जुन्या डीबी ४ च्या ओतकामावरून विकसित केली होती. मूळची रुपेरी गाडी खेळण्यात सोनेरी झाली, कारण रुपेरी रंग न रंगवलेल्या धातूसारखा दिसला असता.

१९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेलने हॉट व्हील्सच्या सोळा गाड्या काढून खेळाचा अर्थच बदलला. तोवर छोटी मोटार हाताने ढकलायची आणि पाहायची वस्तू होती, आता ती सोडायची वस्तू झाली. जाड आसाऐवजी पियानोच्या तारेसारखी बारीक लवचीक तार, तिच्यावर डेल्रिन या निसरड्या प्लास्टिकची बेअरिंग. घर्षण इतके कमी की उतारावर सोडलेली गाडी धावतच राही. रंगाची युक्तीही सुंदर होती. धातू चकाकवून त्यावर पारदर्शक रंग द्यायचा, म्हणजे चमक खालून येते आणि जाड कणांचा प्रश्नच उरत नाही. मॅचबॉक्सने १९६९ मध्ये सुपरफास्ट चाके काढली, पण इंग्लंडच्या जुन्या घराण्यांना तो धक्का पेलला नाही. वाढता खर्च आणि पूर्वेकडचे स्वस्त उत्पादनही सोबतीला होतेच. मेकॅनोचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला, लेस्नी १९८२ मध्ये आणि मेट्टॉय १९८३ मध्ये कोसळली. मॅचबॉक्स हे नाव शेवटी १९९७ मध्ये मॅटेलकडेच गेले. जपानमध्ये टोमीने १९७० मध्ये स्वदेशी मोटारींची टोमिका मालिका सुरू केली होती. ती आजही जोमात आहे.

आता कृती. मोटार कंपनीचा परवाना मिळाला की मूळ आराखडे, छायाचित्रे किंवा स्कॅन गोळा होतात. पूर्वी यावरून लाकूड, पितळ किंवा राळेचा पॅटर्न मॉडेलच्या दुप्पट ते चौपट मापात घडवत. मग पँटोग्राफ यंत्राची एक सुई त्या पॅटर्नवरून फिरे आणि दुसऱ्या टोकाचे पाते तोच आकार लहान करून पोलादात कोरी. मोठ्या पॅटर्नवरचा हाताचा बारीक दोषही लहान होताना विरघळून जाई, म्हणून ती पद्धत मला आजही आदराची वाटते. आता हे काम संगणकावर होते, आणि थ्रीडी प्रिंटरवरचा नमुना मंजूर झाला की पोलादी साचा कोरतात. वर सांगितलेले डोळ्याचे बदल याच टप्प्यावर करायचे असतात. साचा कापल्यावर धातू वाढवणे फार खर्चिक पडते.

साच्याची स्वतःची शिस्त असते. ओतलेला भाग बाहेर सरकायला हवा, म्हणून उभ्या भिंतींना एक-दोन अंशांचा उतार लागतो. मोटारीच्या बाजूला आत वळलेले भाग असतात, तेवढ्यासाठी साच्याचे तुकडे बाजूने सरकून बाहेर येतील असे करतात. हे तुकडे जिथे मिळतात तिथे बारीक रेघ उमटते. चांगला साचाकार ती रेघ बॉडीच्या मूळच्या रेषेत किंवा पन्हळीत लपवतो. जुनी गाडी हातात आली की मी आधी तीच रेघ शोधतो. ती कुठे लपवली आहे त्यावरून कारखान्याची कुवत कळते. थंड होताना जस्त सुमारे ०.६ टक्के आकसते, तेवढा साचा मोठा कापावा लागतो.

यंत्रात वितळलेले जस्त दट्ट्याने ढकलले जाते आणि सेकंदाच्या काही शतांशांत साचा भरतो. बाहेर आलेल्या भागांचे जादा धातूचे पापुद्रे तोडायचे, ढोलात दगडांबरोबर फिरवून कडा मऊ करायच्या, धुवायचे, रंग धरावा म्हणून रासायनिक लेप द्यायचा, मग प्रायमर आणि रंग. दिवे, पट्टे, कंपनीचे चिन्ह हे टॅम्पोने छापतात. कोरलेल्या पट्टीतली शाई सिलिकॉनचा मऊ गोळा उचलतो आणि गोल पृष्ठभागावर टेकवतो, एका वेळी एक रंग. हॉट व्हील्सवर हे तंत्र १९७४ पासून आले. शेवटी चासी, आसने आणि काच एकावर एक बसवून बॉडीच्या आतल्या खुंट्यांची टोके दाबून पसरवतात. तेच रिव्हेट. रंगाच्या सुरक्षिततेचे नियम आता कडक आहेत. अमेरिकेत २००९ पासून खेळण्याच्या रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग आहे.

पोलादी साचा लाखो नगांसाठी परवडतो. शे-दोनशे नगांसाठी राळेचे ओतकाम असते. मास्टरभोवती, म्हणजे मूळ नमुन्याभोवती, सिलिकॉन रबर ओतून साचा करायचा, त्यात पॉलियुरेथेन राळ भरायची. वीस-तीस नगांनंतर रबर खराब होते, पुन्हा नवा साचा. इथे उतार लागत नाही, आत वळलेला भागही रबर ताणून निघतो, आणि आम्ल वापरून कोरलेल्या धातूच्या पातळ पट्ट्यांनी जाळ्या व वायपर करता येतात. घरी सुरुवात करायची असेल तर हीच वाट धरा. नमुना तपासताना तो मोबाईलने जवळून टिपू नका, रुंद भिंगाने नाक फुगलेले दिसते. लांब भिंगाने दुरून, टेबलाच्या पातळीवरून फोटो काढा आणि खऱ्या गाडीच्या तशाच फोटोवर ठेवून पाहा.

आता तडकणारी गाडी. झमाकमध्ये शिशाचे प्रमाण ०.००५ टक्क्याच्या आत लागते. युद्धापूर्वीच्या कारखान्यांत शुद्ध जस्त नेहमी मिळत नसे, आणि त्याच छपराखाली शिशाचेही ओतकाम चाले, त्यामुळे मिसळ होई. असे शिसे धातूच्या कणांच्या सीमांवर साचते, ओल आणि उष्णतेत तिथे आतून गंज चढतो, धातू फुगतो, लांबतो, चासी वाकते आणि शेवटी भुगा होतो. हे उलटवता येत नाही. शेजारच्या गाडीला मात्र ते लागत नाही, म्हणून तडकणारी गाडी वेगळी टाकायची गरज नाही.

आधी नक्की तेच आहे ना ते पाहा. नुसती पांढरी भुकटी पृष्ठभागावर असेल तर ती साधी झीज आहे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा, रंगाखाली फुगवटे आणि आसाची छिद्रे एका रेषेत न राहणे ही खरी खूण. अशी गाडी कोरड्या, थंड, तापमान न बदलणाऱ्या जागी ठेवा. जुना रंग काढायच्या द्रावणात ती बुडवू नका आणि वाकलेले सरळ करायला जाऊ नका, हातात तुकडे येतील. भेगांत झटपट चिकटणारा, अगदी पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद झिरपू दिला तर काही वर्षे मिळतात. आणि आकार अजून शाबूत असताना तिचा सिलिकॉन साचा करून राळेची प्रत काढून ठेवा. मात्र गाडी आधीच लांबली आहे हे लक्षात घेऊन मापे त्याच मॉडेलच्या सुस्थितीतल्या गाडीवरून पडताळा. गाडी पहिल्या डिंकींसारखी शिशाची असेल तर तिचा शत्रू वेगळा आहे: ओक किंवा एमडीएफच्या (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीच्या) कपाटातून निघणारी आम्लाची वाफ. तिला धातूच्या किंवा काचेच्या कपाटात हलवा. प्लास्टिकच्या किटमधल्या गाड्यांचे मऊ टायर पॉलिस्टिरीनच्या चाकांना चिकटून ती वितळवतात, तेव्हा त्यांच्यामध्ये पातळ फॉइलची पट्टी घालून ठेवा.